कंबरेत उसण भरली की काय करायचं: पहिल्या दहा मिनिटांपासून परत कामाला लागेपर्यंत

खाली पडलेला टॉवेल उचलायला वाकले आणि तिथंच अडकले, धड सरळ होता येईना की खाली बसता येईना, असं ज्यांचं एकदा झालंय त्यांना उसण म्हणजे काय ते समजावायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की कंबरेच्या खालच्या भागात अचानक अशी कळ जाते की श्वास अडकतो, आजूबाजूचे स्नायू आखडून बसतात आणि माणूस एका बाजूला वाकडा होऊन भिंत धरत चालायला लागतो. दर वेळी जड उचलतानाच होतं असंही नाही, मोजे घालताना, बेसिनवर दात घासताना, नुसतं शिंकताना सुद्धा होतं. इथं फक्त या अचानक आलेल्या दुखण्याबद्दल लिहितोय, वर्षानुवर्षं रोज दुखणारी कंबर हा वेगळा विषय आहे.

आधी हे तपासा, शेक-गोळी नंतर

खालच्यातलं एक जरी लागू होत असेल तर घरगुती उपाय करत बसायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लघवी आणि संडास. लघवी तुंबलीय, किंवा होते पण कळत नाही, संडासवरचा ताबा गेलाय, जांघेत आणि गुदद्वाराभोवती, म्हणजे सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथं बधीर वाटतंय, किंवा दोन्ही पायांतली ताकद गेल्यासारखी वाटतेय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं. मेंदूकडून येणारा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा असतो, तो जुडगा दाबला गेला की हे होतं, डॉक्टर याला कॉडा इक्विना म्हणतात. हे क्वचितच होतं, पण ऑपरेशनला उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. आपल्याकडे अडचण अशी की या गोष्टी कोणी बोलत नाही, सासूबाई तर सुनेला अजिबात सांगणार नाहीत, म्हणून घरात कोणाला उसण भरली असेल तर तुम्ही स्वतःहून स्पष्ट विचारा.

एका पायाचं पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल गळून पडते, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वय सत्तरीच्या पुढं असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील किंवा दमा-संधिवातासाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर साध्या धक्क्यानं सुद्धा मणका चेपू शकतो. एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्या आजी खड्ड्यात आदळल्या आणि तिथून कंबर धरली, तर ती उसण म्हणून सोडून द्यायची नाही, एक्स-रे काढायचा. कोणत्याही वयात उंचावरून पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातानंतर दुखायला लागलं तरी तेच.

ताप येतोय, रात्री घाम येतो, वजन उतरतंय, पडून राहिलं तरी रात्रभर ठणकतं, किंवा आधी कधी कॅन्सर झालाय, तर लगेच तपासणी हवी. आपल्या देशात मणक्याचा टीबी अजूनही दिसतो आणि तो महिनोन् महिने 'कंबर भरते हो' याच नावाखाली लपून राहतो.

पावसाळ्यात ताप आणि कंबरदुखी एकदमच आली तर आधी डेंग्यूचा विचार करा, लेप्टोचाही (उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप). डेंग्यूला हाडमोड्या ताप म्हणतात ते उगाच नाही. अशा वेळी रक्त तपासेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या अजिबात नकोत, रक्तस्राव वाढू शकतो.

मूतखड्याशी घोळ फार होतो. त्याची कळ बरगडीच्या खालून कुशीतून जांघेकडं जाते, येते-जाते, आणि माणूस एका जागी थांबूच शकत नाही, खोलीभर येरझाऱ्या घालतो, गडबडा लोळतो. उसणीचं बरोबर उलटं, इथं हललं की मरण, म्हणून माणूस पुतळा होऊन बसतो. एकाच बाजूला कातडी जळजळतेय आणि दोन-तीन दिवसांनी तिथं फोड उठले तर ती नागीण. साठीच्या पुढचा माणूस, विडी-सिगारेट आणि बीपी दोन्ही, अचानक पाठ आणि पोट एकदम दुखायला लागलं, घाम फुटला, चक्कर आली, तर १०८ ला फोन करा, पोटातली मोठी रक्तवाहिनी फाटण्याचं ते लक्षण असू शकतं. गरोदर बाईनं मात्र लक्षण कोणतंही असो, आपल्या डॉक्टरांना फोन करूनच पुढचं ठरवायचं.

यातलं काहीच नसेल तर निम्मं टेन्शन इथंच सोडा.

आत झालंय तरी काय

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कंबरदुखीच्या साधारण ९० टक्के केसेसमध्ये दुखण्याचं एक ठराविक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. एखादा स्नायू किंवा अस्थिबंध ताणला गेला असेल, मणक्यांमागचा छोटा सांधा दुखावला असेल, दोन मणक्यांमधल्या गादीच्या (डिस्कच्या) बाहेरच्या कडेला बारीक चीर गेली असेल, बाहेरून सगळं सारखंच दिसतं आणि खरं सांगायचं तर पहिल्या काही दिवसांत उपचारही सारखेच असतात. कळ इतकी भयंकर असते की आत काहीतरी तुटलंय असंच वाटतं, पण डोळ्यात कण गेल्यावर जसं होतं तसंच हे, दुखणं आणि इजा यांचं माप एक नसतं. आखडलेले स्नायू बऱ्यापैकी पहारेकऱ्याचं काम करत असतात, हलू नको म्हणून बजावत असतात, आणि आपण घाबरून अजून ताठ झालो की ते अजून आवळतात.

पहिली दहा मिनिटं

जिथं अडकलात तिथं सरळ व्हायची घाई करू नका. हात मांडीवर किंवा ओट्यावर टेका, वजन हातांवर घ्या, गुडघे थोडे वाकवा आणि तोंडानं लांब श्वास सोडा. चार-पाच श्वासांनंतर, हात मांडीवरून वर वर सरकवत हळूहळू सरळ व्हायचा प्रयत्न करा. नाही जमलं तर उभं राहायचा हट्ट सोडून द्या आणि गुडघ्यांवर येऊन रांगत कॉटपर्यंत जा. घरात कोणी बघितलं तर हसेल, हसू दे. मदतीला आलेल्या माणसानं काखेत हात घालून वर खेचायचं नाही, नुसतं समोर उभं राहून आधाराला हात द्यायचा, जोर दुखणाऱ्यालाच लावू द्यायचा.

मग आडवं व्हा. दोन पद्धतींनी बहुतेकांना बरं वाटतं. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर किंवा गाद्यांच्या गठ्ठ्यावर ठेवायच्या, म्हणजे कंबर आणि गुडघे दोन्हीकडे काटकोन होतो, किंवा कुशीवर वळून दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्यायची. काही जणांना उलट पालथं पडल्यावर सुटल्यासारखं वाटतं. जे बरं वाटेल ते तुमचं, यात शास्त्र शोधत बसू नका. वीसेक मिनिटं पडा आणि मग उठा, हो, उठा.

उठायची रीत मात्र शिकून घ्या कारण सगळ्यात जास्त कळ तिथंच जाते. पाठीवरून सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवा, मग खांदे आणि कंबर एकदमच एका कुशीला वळवा, पाय कॉटच्या कडेवरून खाली सोडा, आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबत वर या. झोपताना हेच उलट्या क्रमानं. जमिनीवर झोपायचा सल्ला चार जण देतील, पण या दिवसांत जमिनीवरून उठणं म्हणजे शिक्षा आहे, मध्यम कडक गादीची कॉट असेल तर तीच बरी.

पहिले दोन दिवस

आपल्याकडे अजूनही 'तीन आठवडे बेडरेस्ट' सांगणारे आहेत. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, एका गटाला दोन दिवस झोपवून ठेवलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं की जेवढं सोसवेल तेवढं नेहमीचं चालू ठेवा, आणि तिसरा गट सगळ्यात लवकर सुधारला. म्हणजे झोपून राहणं तर नकोच, पण पहिल्याच दिवशी यूट्यूब लावून व्यायामांचा धडाका पण नको. घरातल्या घरात दर अर्ध्या-पाऊण तासानं उठून दोन-तीन मिनिटं चालायचं, एवढाच पहिल्या दिवसाचा व्यायाम.

शेक: रबरी पिशवी, इलेक्ट्रिक पॅड, नाहीतर जाड मीठ किंवा वाळू तव्यावर गरम करून सुती फडक्यात बांधलेली पुरचुंडी, कशानंही चालेल. १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पिशवी टॉवेलात गुंडाळा आणि त्यावर झोपू नका, मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांना भाजलेलं कळत सुद्धा नाही. बर्फानं बरं वाटत असेल तर बर्फ, पण उसणीला शेकाचाच फायदा जास्त दिसतो.

गोळ्या: पॅरासिटामॉल सगळे आधी घेतात, पण ऑस्ट्रेलियात सोळाशेहून जास्त पेशंटवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबरदुखी बरी व्हायला तिचा औषधच नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही, दोन्हीकडे लोक साधारण १६-१७ दिवसांत बरे झाले. हा आकडा मला गोळीपेक्षा जास्त दिलासा देणारा वाटतो, खोटी गोळी घेणारे निम्मे लोक १६ दिवसांत बरे! सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो, उदाहरणार्थ आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि थोडेच दिवस. पण अल्सर, किडनीचा त्रास, हार्टचा त्रास, अनियंत्रित बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गोळीनं वाढणारा दमा, गरोदरपण यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अजून एक घोळ घराघरात होतो, मेडिकलवाल्यानं दिलेल्या पट्टीत असिक्लोफेनॅक असतं आणि घरातल्या जुन्या पट्टीत डायक्लोफेनॅक, नावं वेगळी म्हणून दोन्ही घेतल्या जातात, पण औषधं एकाच जातीची आहेत, त्यामुळे पोट आणि किडनीवर डबल भार पडतो. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन टू-व्हीलर चालवायची नाही.

संडास: यावर कोणी लिहीत नाही आणि पहिल्या सकाळी हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं शक्य नसतं, घरात कमोड नसेल तर मेडिकलच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्यानं सुद्धा. कुंथायचं नाही, कारण जोर केला की कळ थेट डोक्यात जाते. पाणी भरपूर प्या, रात्री इसबगोल घ्या. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की एक हात भिंतीला किंवा मांडीवर टेकवा, गुडघे किंचित वाकवा आणि छाती वर ठेवा, वाकलेल्या अवस्थेत शिंकायचं नाही.

पायाळू माणूस, चोळणं आणि पट्टा

पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाकडून कंबरेत लाथ मारून घेतली की उसण जाते, हे आपल्याकडं गावोगाव ऐकायला मिळतं. हलकासा पाय लावून घेण्यानं काही बिघडत नाही, आजीचं समाधान होतं, पण खरोखरची लाथ नको, आणि हाडं ठिसूळ असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तर अजिबात नको. 'बरं वाटलं' म्हणणारे खोटं बोलत नाहीत, उसण तशीही उतरणारच असते, श्रेय जो त्या दिवशी हजर असतो त्याला मिळतं. कडाकड हाडं मोडून देणाऱ्यांनाही हेच लागू. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर त्यांच्याकडं बिलकुल जायचं नाही.

हलक्या हातानं तेल लावून चोळायला हरकत नाही, तीळ तेल, निर्गुंडी तेल, जे घरात असेल ते. पाठीवर उभं राहून तुडवून घेणं बंद करा. कंबरपट्टा बाहेर जाताना, प्रवासात तास-दोन तास लावला तर चालतो, दिवसभर लावून बसलात तर तुमचे स्नायू काम करायचे विसरतील.

तिसऱ्या दिवसापासून

आता हळूहळू हालचाल वाढवायची. सकाळी उठल्या उठल्या मात्र नाही, रात्रभर आडवं पडल्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकल्यावर ताण जास्त पडतो, म्हणून पहिला तासभर खाली वाकणं टाळा आणि मग सुरू करा.

पाठीवर झोपून गुडघे वाकवा आणि कंबरेची पोकळी हळूच गादीकडं दाबा, सोडा, दहा वेळा. मग एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडं, पाच मोजेपर्यंत, मग दुसरा. तसेच गुडघे वाकवलेले ठेवून दोन्ही एकत्र डावीकडं-उजवीकडं थोडे थोडे झुकवा. सहन होत असेल तर गुडघे-तळव्यांवर येऊन मार्जारासन, पाठ वर, पाठ खाली, सावकाश. सौम्य ताण जाणवला तर चालेल, तीव्र कळ आली तर तिथंच थांबा आणि उद्या बघा.

ज्यांना वाकल्यावर आणि बसल्यावर जास्त दुखतं पण चालल्यावर बरं वाटतं त्यांनी पालथं झोपून बघायचं, आधी नुसतं दोन मिनिटं, मग कोपरांवर टेकून, मग जमलं तर हातांवर छाती उचलून, कंबर ढिली सोडून. भुजंगासनासारखंच, फक्त जोर पाठीचा नाही तर हातांचा. ही पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टची, १९५६ मध्ये त्यांचा एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला की पायातलं दुखणं गेलं, तिथून त्यांना हे सुचलं. यात एक खूण लक्षात ठेवायची: दुखणं पायातून वर सरकत कंबरेच्या मध्यभागी येत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे, आणि कंबरेतून खाली पोटरीकडं उतरत असेल तर तो व्यायाम तुमचा नाही, बंद करा.

सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, पायाचे अंगठे पकडणं, पोटाचे क्रंचेस हे सगळं कळ पूर्ण जाईपर्यंत बाजूला ठेवा.

पायात मुंग्या जात असतील तर

कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरी आणि पावलापर्यंत करंट लागल्यासारखं जात असेल तर सायटिकेची शक्यता आहे, म्हणजे गादीचा भाग सरकून नसेला त्रास देतोय. याला वेळ जास्त लागतो, सहा ते बारा आठवडे धरून चाला, पण ऑपरेशनशिवाय बरे होणारे लोक खूप आहेत, सरकलेला भाग शरीर हळूहळू शोषून टाकतं. घरी रोज एक तपासणी करा, भिंतीला हात लावून दहा पावलं टाचांवर चाला, दहा चवड्यांवर. काल जमत होतं आणि आज जमत नाही, तर डॉक्टर.

एमआरआयची घाई

'एकदा एमआरआय काढून टाका म्हणजे कळेल' हे वाक्य शेजारी, ऑफिसातले, व्हॉट्सअॅपवरचे मामा सगळेच म्हणतात. अडचण अशी की जे दिसतं ते दुखण्याचंच कारण असतं असं नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले तर त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली. म्हणजे रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' लिहून आलं तरी तो केस पिकण्यातलाच प्रकार असू शकतो, पण एकदा तो कागद हातात पडला की माणूस पुढची दहा वर्षं कळशी उचलत नाही. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत स्कॅनची सहसा गरज पडत नाही. सहा आठवड्यांनीही फरक नसेल, किंवा दिवसेंदिवस वाढतच असेल, तर मात्र नक्की दाखवा.

परत कामाला

सगळं दुखणं थांबायची वाट बघू नका. खुर्चीतलं काम असेल तर बरेच जण दोन-चार दिवसांत जाऊ शकतात, कंबरेच्या मागं गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि अर्ध्या तासानं उठा, फोन आला की उभं राहूनच बोला. मुंबईत लोकलनं जाणाऱ्यांनी आठवडाभर गर्दीची वेळ टाळता आली तर बघावी, धक्का आला की अंग एकदम पिळवटतं. टू-व्हीलर वळणाला आणि खड्ड्याला त्रास देते, किक मारायची गाडी तर काही दिवस दुसऱ्याला द्या. शेतात, बांधकामावर, गोडाऊनमध्ये काम करणाऱ्यांना दोन-तीन आठवडे हलकं काम मिळालं तर उत्तम, पण रोजंदारीवाल्याला तेवढी चैन कुठली, त्यानं निदान ओझी निम्मी करून दोन खेपा कराव्यात, आणि वजन उचलून जागेवर पिळायच्या ऐवजी पाय टाकून वळावं.

परत भरू नये म्हणून

उसण पुन्हा भरते, वर्षभरात अनेकांना परत भरते, हे मान्य करूनच चाला. यावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे चालणं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरच्या अभ्यासात, नुकत्याच बऱ्या झालेल्यांना फिजिओच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं, तर त्यांची कंबर पुन्हा दुखायला सरासरी २०८ दिवस लागले, असं काही करायला न लावलेल्या गटात ११२. आधी दहा मिनिटांपासून सुरुवात करा, चपला सोडून बूट घाला.

उचलण्याचं म्हणाल तर घरातली खरी परीक्षा गॅसच्या सिलेंडरची असते. आत १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे भरलेला सिलेंडर ३० किलोच्या आसपास जातो, आणि आपण तो चहा उकळायच्या घाईत, ओट्याखाली अर्धं वाकून, एका हातानं ओढतो. उचलू नका, तिरपा करून तळाच्या कडेवर गोल गोल फिरवत न्या, ओट्याखाली सरकवताना एक गुडघा जमिनीला टेकवा, आणि चाकांची ट्रॉली मिळते ती आणून ठेवा.